आण्णांचा साप आणि जम्बोची मधली टाकी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक नळी टांगलेली असायची. लोखंडी गुंडाळ्यांची, लवचिक, आठ-नऊ फूट लांब, एका टोकाला क्लिप. आम्ही तिला साप म्हणायचो. नवीन हेल्पर आला की हमखास तिला हवेची किंवा पाण्याची नळी समजायचा. ती होती ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला जोडायची. गेल्या मे महिन्यात या सापावरून माझी आणि माझ्या भाच्याची तीन दिवस जुंपली होती. आक्का, म्हणजे माझी बहीण, त्याची आई, शेवटी वैतागून म्हणाली, "जेवताना तरी टाकी बंद करा." सुरुवात मात्र सापापासून नव्हती झाली, जम्बो जेटपासून झाली होती.

भाचा हैदराबादला विमानांच्या हँगरमध्ये इंजिनिअर आहे. सुट्टीला एटीआरने, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानाने, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरला आणि घरी बॅग टाकून थेट शेडवर आला. त्या वेळी माझ्यासमोर एका ट्रकची डिझेलची टाकी होती. ट्रकला टाकी ज्या पट्ट्यांनी आवळलेली असते त्या पट्ट्याखाली पत्रा घासतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि डिझेल पाझरायला लागतं. दसऱ्याच्या आधी, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, अशा टाक्यांची आमच्याकडे रांग असते. मे महिन्यात एखाद-दुसरी येते.

मी पाण्याचा पाईप टाकीत सोडला होता. तो म्हणाला, "मामा, हे काय? वेल्डिंग करायचंय ना?"

म्हटलं, "व्हय, म्हणूनच."

ही पद्धत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टाकी उतरवायची, असेल नसेल ते डिझेल बॅरलमध्ये काढायचं, टाकी उलटी करून निथळत ठेवायची. मग सोडा टाकलेलं गरम पाणी आत घालून दोघांनी धरून घुसळायचं, ओतून द्यायचं, परत घालायचं. त्यानंतर विटांचे तुकडे लावून टाकी अशी तिरकी बसवायची की चीर सगळ्यात उंचावर यायला हवी. मग पाणी. चिरेच्या खाली दोन बोटं राहील इतपत. झाकण उघडं. आण्णा तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायचे, थोडा वेळ काही बोलायचे नाहीत आणि मग म्हणायचे, "मार टाका." आतलं पाणी तापून कढत व्हायचं, वेल्डिंग मनासारखं बसायचं नाही, दोनदा करावं लागायचं. गिऱ्हाईक कटकट करायचं. आण्णा ऐकायचे नाहीत.

कारण आमच्या शेजारच्या शेडात काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. मी तेव्हा दहावीत होतो. तिथला एक कामगार डिझेलचं रिकामं बॅरल गॅस कटरने मधोमध कापायला बसला. म्हशींना पाणी पाजायला दोन कुंड्या होतात त्याच्या. बॅरल आदल्या दिवसापासून उन्हात पडलेलं, आत थेंब नाही, बूच घट्ट. आवाज झाला तेव्हा मी शाळेतून येऊन डबा उघडत होतो. धावत गेलो तर वरच्या सिमेंटच्या पत्र्याला बॅरलच्या बुडाएवढं गोल भोक पडलेलं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. तो माणूस खाली बसलेला, भुवया जळालेल्या, एकच वाक्य परत परत बोलत होता: "रिकामंच तर होतं की." वाचला तो. डावा कान मात्र कायमचा गेला.

भरलेल्या बॅरलमध्ये डिझेल आहे पण हवा नाही. रिकाम्यात डिझेल दिसत नाही, पण त्याची वाफ आहे आणि जोडीला पोटभर हवा आहे. भडका उडायला लागतं ते मिश्रण रिकाम्यातच तयार होतं. हे मी भाच्याला मोठ्या रुबाबात सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, हेच एका बोइंग 747 ला झालं, जम्बो जेटला. 230 माणसं गेली."

17 जुलै 1996. टीडब्ल्यूए कंपनीचं 800 क्रमांकाचं उड्डाण, न्यूयॉर्कहून पॅरिसला. उड्डाणाला तासाहून जास्त उशीर झाला होता. जमिनीवरून उठल्यावर 12 मिनिटांनी, साधारण 13,800 फुटांवर, लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ विमान हवेत फुटलं. पहिला संशय बॉम्बचा आणि क्षेपणास्त्राचा. समुद्राच्या तळातून तुकडे वर काढले, हँगरमध्ये सांगाड्यावर एकेक पत्रा जागच्या जागी लावून विमानाचा बराच भाग परत उभा केला आणि चार वर्षांनी, ऑगस्ट 2000 मध्ये, अमेरिकेच्या तपास मंडळाने म्हणजे एनटीएसबीने निष्कर्ष दिला: दोन पंखांच्या मधली, प्रवाशांच्या पायाखालची टाकी फुटली.

त्या टाकीत मावतं जवळपास 49 हजार लिटर. त्या रात्री आत होतं साधारण 190 लिटर. हा आकडा ऐकून मी हातातला होल्डर खाली ठेवला. एक बॅरल भरत नाही एवढं तेल, एवढ्या मोठ्या टाकीच्या तळाला नुसतं पसरलेलं. पंखांतल्या टाक्यांतलं इंधन पॅरिसला पुरेसं होतं, म्हणून मधली भरली नव्हती. नेहमीचीच पद्धत ती.

"आणि त्या टाकीच्या बरोबर खाली काय असतं सांगा," भाचा म्हणाला. एसीची यंत्रं. विमान जमिनीवर ताटकळत उभं असताना प्रवाशांना गार हवा देण्यासाठी ती चालू होती आणि स्वतः तापत होती. म्हणजे रिकामी टाकी, खाली शेगडी, तीसुद्धा जुलैत. विमानाचं इंधन म्हणजे काही पेट्रोल नव्हे. ते रॉकेलच्या जातीचं; वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमायला ते निदान 38 अंशांपर्यंत तापावं लागतं. आपल्या डिझेलसाठी हाच आकडा किमान 35 धरतात. दोघं सख्खे शेजारी. त्यात विमान वर गेलं की हवेचा दाब उतरतो आणि हे तापमान आणखी खाली येतं. एप्रिलमध्ये कोल्हापुरात शेडच्या पत्र्याखाली उभं राहून बघा, मग 38 म्हणजे काय ते कळेल.

ठिणगी कुठून आली हे मात्र नक्की सांगता आलं नाही. मंडळाचा सर्वात जास्त भर होता तो वायरिंगवर. टाकीबाहेर कुठेतरी शॉर्ट सर्किट झालं आणि टाकीत इंधन किती आहे ते मोजणाऱ्या बारीक वायरींतून विजेचा जास्तीचा दाब आत शिरला. विमान 1971 सालचं होतं, 25 वर्षांचं. आणि वाफ पेटायला ऊर्जा लागते किती, तर पाव मिलिज्यूल. थंडीत स्वेटर काढताना चटका बसतो, त्या ठिणगीत याहून जास्त असते.

इथून आमचं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं सरळ होतं. विमानवाल्यांनी काय केलं होतं? आतली वाफ पेटणारी असणारच असं गृहीत धरलं आणि सगळा भर दिला तो ठिणगी आत येऊ द्यायची नाही यावर. वायर झाका, पंप झाका, वीज पडली तरी आत पोचू देऊ नका. म्हटलं, हे म्हणजे बॅरल उन्हात ठेवायचं आणि गावातल्या सगळ्या बिड्या विझवत फिरायचं. आमचे आण्णा सातवी शिकलेले, त्यांना कळलं होतं की ठिणगीवर तुमचा ताबा नसतो. आतलं मिश्रणच मारून टाका.

"मामा, शेडवरून बोलणं सोपं आहे," तो म्हणाला. "विमानात पाणी भरून उडता येत नाही."

हे खरं. पण नायट्रोजन भरता येतो हे लढाऊ विमानवाल्यांना आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियन विमानांच्या टाक्यांत इंजिनाचाच धूर गार करून सोडत होते. हे त्यानेच सांगितलं आणि मी लगेच भिंतीवरच्या सापाकडे बोट केलं. कारण साप त्यासाठीच होता! घाई असली, पाणी भरून भागणार नसलं, तर आण्णा ट्रॅक्टर चालू करून सायलेन्सरला साप लावायचे आणि दुसरं टोक टाकीत. दहा मिनिटं धूर भरायचा, मग वेल्डिंग. "बघ," म्हटलं, "रशियाचं तंत्रज्ञान उद्यमनगरात." त्याने सापाकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण चहा आला आणि विषय पुढे सरकला. तो गप्प का बसला ते दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी आक्काकडे राजारामपुरीत जेवायला होतो. भाच्याने दुसरी बाजू मांडली आणि चांगली मांडली. नायट्रोजनची यंत्रणा म्हणजे वजन. वजन म्हणजे रोजचं इंधन, वीस-पंचवीस वर्षं. शिवाय दुरुस्ती. 1998 मध्ये आणि परत 2001 मध्ये विमान कंपन्या, उत्पादक वगैरेंच्या समितीने अभ्यास करून सांगितलं होतं की हे परवडणारं नाही. ती माणसं काही मूर्ख नव्हती. लाखो उड्डाणांत एखादी टाकी फुटते; त्याच पैशात दुसरं काही केलं तर जास्त जीव वाचतील, असा त्यांचा हिशोब.

मी विचारलं, "एखादी म्हणजे किती?"

मग तो बोटांवर मोजायला लागला. 1963 मध्ये अमेरिकेत एल्कटनजवळ 707 वर वीज पडली, टाकी फुटली, 81 गेले. 1990 मध्ये मनिलाला 737 दारातून मागे ढकलत होते, अजून उडायचंच होतं, मधली टाकी फुटली, 8 गेले. 2001 मध्ये बँकॉकला तशीच 737, उभ्या जागी, मधली टाकी, केबिनमधला एक कर्मचारी गेला. मनिला आणि बँकॉक दोन्ही गरम गावं, एसी चालू, टाकी जवळजवळ रिकामी. मी मध्येच म्हणालो, "दोन्हीकडे बॅरल उन्हातच की रे." आक्काने पांढऱ्या रश्शाचं भांडं आमच्या दोघांच्या मध्ये आणून आदळलं ते याच वेळी.

शेवटी अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, नियम केला तो जुलै 2008 मध्ये. 1996 पासून बारा वर्षं. जुन्या प्रवासी विमानांत यंत्रणा बसवायला आणखी नऊ-दहा वर्षं मुदत. मालवाहू विमानांना ती जुन्यात बसवण्याची सक्ती नाही. का, तर त्यांत माणसं कमी. हा हिशोब मला अजून पचलेला नाही, पण असो.

यंत्रणा कशी असते ते ऐकून मात्र मी खूश झालो. नायट्रोजनच्या टाक्या वगैरे काही वाहून न्यायच्या नसतात. एका नळकांड्यात शेवयांसारख्या हजारो बारीक पोकळ तंतूंची जुडी असते. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा त्यातून सोडायची. ऑक्सिजन तंतूंच्या भिंतींतून चटकन बाहेर निसटतो, नायट्रोजन हळू निसटतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाला जी हवा येते तिच्यात नायट्रोजन जास्त. ती टाकीत. आपल्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. टाकीत तो 12 च्या खाली ठेवला की ठिणगी पडली तरी भडका नाही. लढाऊ विमानांत 9 च्या खाली ठेवतात, कारण तिथे गोळी लागायची शक्यता धरायची असते. हलणारा भाग जवळजवळ नाही. अशी सोपी वस्तू बसवता येईल हे लक्षात आल्यावरच नियमाला बळ आलं. 787 मध्ये तर पहिल्यापासूनच आहे.

"आणि ती यंत्रणा बंद पडली तर?" मी विचारलं.

"ठरावीक दिवस तशीच उडवायला परवानगी असते."

"बघ!"

"बघ काय मामा, वायरिंगचे नियमही कडक केलेत ना. दोन्ही मिळून आहे ते. आणि नायट्रोजन म्हणजे अमृत नव्हे. आमच्यासारख्याला टाकीत उतरून काम करावं लागतं. आत ऑक्सिजन कमी असला तर वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस नुसता आडवा होतो. मीटर लावल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय आम्ही डोकं आत घालत नाही."

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच. मी गप्प बसलो.

मला वाटलं जिंकत आलोय, तेवढ्यात त्याने म्हटलं, "तुम्ही ज्या एटीआरमध्ये बसता तिला मधली टाकीच नाही. सगळं इंधन पंखांत. पंख बाहेरच्या हवेने गार राहतात, खाली एसीची शेगडी नाही. कोल्हापूरकरांनी काळजी करू नये." रात्री घरी आल्यावर मी शोधत बसलो आणि मला बंगळुरू सापडलं. 4 मे 2006, एका मलेशियन कंपनीचं 727, जमिनीवरच, डाव्या पंखातली टाकी फुटली. पंखातली! पंपाकडे जाणारी वायर ज्या नळीतून जाते त्या नळीतच घासली गेली होती. रात्री साडेअकराला त्याला मेसेज केला. उत्तर आलं: "मान्य. पण मामा, झोपा."

पण सकाळी त्याने व्याजासकट वसूल केलं. "तुमचं म्हणणं, भरलेली टाकी सुरक्षित. काँकर्डचं काय?" काँकर्ड म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान. 25 जुलै 2000, पॅरिस. धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून पडलेली धातूची पट्टी टायरखाली आली, टायर फाटलं, साडेचार किलोचा रबरी तुकडा पंखाला खालून आपटला. तुकड्याने टाकीला भोक पाडलं नाही. टाकी काठोकाठ भरलेली होती; आपटल्याचा धक्का आतल्या इंधनातून लाटेसारखा गेला आणि पत्रा आतून बाहेर फुटला. हवेची जागा असती तर धक्का थोडा जिरला असता. विमानातले 109 आणि जमिनीवरचे 4 गेले. तिथे नायट्रोजनचा काडीचा उपयोग नव्हता, कारण आग बाहेर लागली होती. नंतर त्यांनी टाकीच्या आतून केव्हलारचं, म्हणजे अतिशय चिवट धाग्याच्या कापडाचं, अस्तर लावलं.

आणि मग त्याने जे सांगितलं ते मी आमच्या सगळ्या पोरांना सांगितलं आहे. 20 ऑगस्ट 2007, जपानच्या ओकिनावा बेटावर नाहा विमानतळ, एक 737 उतरून जागेवर येऊन थांबलं. पंखाच्या पुढच्या कडेला सरकणारी फळी असते, तिच्या रुळातला एक बोल्ट सुटून आत पडला होता. फळी मागे घेतली तेव्हा रुळाने तो बोल्ट ढकलत नेला आणि टाकीत आरपार घुसवला. इंधन गळालं, गरम इंजिनावर पडलं, पेटलं. 165 च्या 165 माणसं घसरगुंडीवरून बाहेर आली आणि त्यानंतर विमान जळून खाक झालं. मूळ कारण? दुरुस्तीच्या वेळी एक वायसर परत बसवला गेला नव्हता, त्यामुळे नट भोकातून निसटला. वायसर! आमच्याकडे शेर-किलोवर मिळतो तो.

तेव्हा एक गोष्ट मी कबूल केली. टाकीचा एकच शत्रू धरून बसलं की दुसरा मागून येतो. पण माझा मुद्दा सोडला नाही. म्हटलं, 1963 पासून 1996 पर्यंत 33 वर्षं त्यांनी काय उत्तर दिलं? ठिणगी बंद केलीये, आणि बघा, एवढी लाखो उड्डाणं झाली, काही होत नाही. "काही होत नाही" हे काय टाकीच्या सुरक्षिततेचं मोजमाप आहे? शेजारच्या त्या माणसानेही आधी शंभर बॅरलं कापली असतील.

भाचा उठला, भिंतीजवळ गेला आणि साप खाली काढला.

"मामा, आण्णाआजोबा हा कुठल्या ट्रॅक्टरला लावायचे?"

"आपल्याच की. डिझेलचा."

"रशियन विमानांची इंजिनं पेट्रोलची होती. पेट्रोल इंजिन हवेतला जवळपास सगळा ऑक्सिजन वापरतं, धुरात फारसा उरत नाही. डिझेल इंजिनाचं तसं नसतं. ते हवा भरपूर घेतं आणि नुसतं उभं चालू असलं तर जाळतं अगदी थोडं. तुमच्या सायलेन्सरमधून सतरा-अठरा टक्के ऑक्सिजन बाहेर येतो. पाहिजे 12 च्या खाली. आजोबा टाकीत धूर नव्हते भरत. गरम हवा भरत होते."

मी म्हटलं, "तीस वर्षं केलं रे त्यांनी. काही..."

आणि तिथेच थांबलो. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

आण्णांनी सापाने किती टाक्या केल्या असतील? पाण्याने केल्या त्याच्या दहावा हिस्सा असेल. सोड्याचं पाणी फिरवूनच ते साप लावायचे, वाफ आधीच गेलेली असणार. वाचले ते त्या सोड्याने. पण मीही पंधरा-वीस वेळा लावला असेल, आणि दोनदा तरी घाईत सोडा न फिरवता. त्यातली एक वेळ मला नीट आठवते. फाउंड्रीच्या जीपची टाकी होती, मालक बाहेर हॉर्न वाजवत होता.

भाचा दुसऱ्या दिवशी गेला. उजळाईवाडीच्या दारात त्याला सोडून शेडवर आलो, साप भंगारात घातला. साडेतीन किलो भरला. क्लिप तेवढी काढून ठेवली, चांगली पितळी होती.